शोध लावला, पुढें काय?

दीड वर्षापूर्वींची गोष्ट आहे. पावसाळ्याचे दिवस होते. एके संध्याकाळीं माझा एक जुना विद्यार्थी भिजत भिजत घरीं आला. आमच्या भाईंदरला पूर्वेच्या बाजूस स्टीलचीं भांडीं करणारे पुष्कळ लहान लहान कारखाने आहेत. त्यांपैकीं एका कारखान्यांत हा गृहस्थ बरींच वर्षें भांड्यांना पॉलिश करण्याच्या कामावर होता. हें काम ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस ठाऊक आहे कीं, वेगानें फिरणाऱ्या कापडी चाकावर भांडें दोन्ही हातांनीं दाबून धरावें लागतें, आणि भांड्याची कड चाकांत अडकली तर भांड्याबरोबर माणसाचा हातहि ओढला जातो. याच्या शेजारीं काम करणाऱ्या सोबत्याचीं दोन बोटें अशींच गेलीं होतीं. त्या दिवसापासून यास एकच ध्यास लागला. रात्रीं घरीं बसून, भंगारांतून आणलेले तुकडे जोडून, त्यानें भांडें धरण्याचा एक चिमटा तयार केला. नेहमींच्या दाबाला हा चिमटा भांडें घट्ट धरी; परंतु चाकानें हिसका दिला कीं आपोआप उघडे, भांडें समोरच्या जाळींत पडे आणि हात शाबूत राही.

तो चिमटा ओल्या पिशवींतून काढून त्यानें माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "गुरुजी, हा कारखानदारांना दाखवला तर उद्यां तेच करून विकतील, आणि दाखवला नाहीं तर घेणार कोण? काय करूं, तुम्हीच सांगा."

श्रोते हो, आजच्या भाषणाचा विषय हाच प्रश्न आहे. ज्याच्या पाठीशीं मोठी कंपनी नाहीं, प्रयोगशाळा नाहीं, वकिलांचें पथक नाहीं, अशा एकट्या माणसानें आपला शोध सांभाळावा कसा आणि विकावा कसा? मी वकील नव्हे, व्यापारीहि नव्हे. माझें आयुष्य खडू-फळ्याच्या सहवासांत गेलें. परंतु या विद्यार्थ्याच्या निमित्तानें जें वाचावें लागलें, चार जाणत्यांना विचारावें लागलें, तें आपणांपुढें ठेवीत आहें.

प्रथम 'पेटंट' या शब्दाचा अर्थ नीट समजून घेऊं. शासकीय मराठींत त्यास 'एकस्व' म्हणतात. पेटंट म्हणजे सरकारनें दिलेलें प्रशस्तिपत्र, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाहीं. पेटंट हा एक सौदा आहे. शोधकानें आपल्या शोधाची सर्व युक्ति, कांहींएक हातचें न राखतां, लिहून द्यावयाची. ती सरकार सर्वांसाठीं प्रसिद्ध करतें. आणि त्याच्या मोबदल्यांत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षेंपर्यंत इतरांनीं ती वस्तु त्याच्या परवानगीवांचून करूं नये, वापरूं नये, विकूं नये असा हक्क त्यास देतें. मुदत संपली कीं तो शोध सर्वांचा होतो. आपल्या देशांत हा प्रकार नवा नाहीं. १८५६ सालीं पहिला कायदा झाला आणि त्याच वर्षीं कलकत्त्याच्या डीपेनिंग नांवाच्या अभियंत्यानें छताचा पंखा ओढण्याच्या यंत्रासाठीं असा हक्क मागितला. सध्यां चालू असलेला कायदा १९७० सालचा असून २००५ सालीं त्यांत मोठ्या दुरुस्त्या झाल्या.

आतां कोणत्या शोधास पेटंट मिळतें? तीन कसोट्या आहेत. शोध जगांत कोठेंहि पूर्वीं प्रसिद्ध झालेला नसावा. त्या धंद्यांतील जाणत्या माणसास सहज सुचेल असा तो नसावा. आणि उद्योगांत त्याचा उपयोग होण्यासारखा असावा. माहितीच्या दोन वस्तु नुसत्या शेजारीं शेजारीं जोडल्या आणि प्रत्येक वस्तु आपलें जुनेंच काम करीत राहिली, तर तो शोध ठरत नाहीं. परंपरेनें चालत आलेलें ज्ञानहि कोणास आपल्या नांवावर करून घेतां येत नाहीं. हळदीनें जखम भरून येते हें आपल्या आजीबाईंना ठाऊक होतें. तरी १९९५ सालीं अमेरिकेंत त्यावर पेटंट दिलें गेलें. तेव्हां डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालीं आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनें जुने छापील पुरावे पुढें केले आणि १९९७ सालीं तें पेटंट रद्द करविलें. म्हणून पहिलें काम हें कीं, आपल्यासारखें कोणी पूर्वीं केलें आहे कीं काय, तें शोधावें. हा शोध घरबसल्या, फुकट करतां येतो. आपल्या पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर आणि परदेशी कार्यालयांच्या संकेतस्थळांवर लक्षावधि विवरणें कोणासहि पाहतां येतात. माझ्या विद्यार्थ्यानें तीन रविवार त्यांत घालविले. त्यास चिमटे पुष्कळ सांपडले. हिसक्यानें सुटणारी साधनेंहि सांपडलीं. परंतु गोल भांड्याची कड धरून अशा रीतीनें सुटणारें साधन सांपडलें नाहीं. शोध कोठें आहे आणि कोठें नाहीं, तें त्यास प्रथमच स्पष्ट कळलें.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. येथें मला माझ्या स्वतःच्या मूर्खपणाची हकीकत सांगितली पाहिजे. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वीं अपूर्णांक शिकविण्यासाठीं मीं एक लांकडी पाटी केली होती. सरकत्या पट्ट्यांनीं तीन-चतुर्थांश आणि पांच-अष्टमांश यांतील फरक मुलांना डोळ्यांनीं दिसे. एका शालेय प्रदर्शनांत ती मांडली, वाहवा झाली. शैक्षणिक साहित्याच्या एका विक्रेत्यानें मोठ्या आस्थेनें मापें विचारलीं आणि मींहि मोठ्या आनंदानें तीं लिहून दिलीं. पुढच्या वर्षीं तीच पाटी रंग बदलून दुकानांत आली. त्याचा दोष होता तितकाच माझाहि होता. किंबहुना माझा अधिक. ती पाटी पेटंटाच्या कसोटीस उतरली असती कीं नाहीं, देव जाणे. पण प्रदर्शनांत मांडल्या क्षणीं ती 'नवी' राहिली नव्हती, हें मात्र निश्चित.

कायदा या बाबतींत कठोर आहे. अर्ज करण्यापूर्वीं शोध प्रदर्शनांत मांडला, मासिकांत छापला, सभेंत सांगितला, किंवा हल्लींच्या रीतीप्रमाणें मोबाइलवर त्याचें चलचित्र काढून चार समूहांत पाठवलें, तर शोधकाच्या स्वतःच्या हातूनच त्याचें नवेपण नष्ट होतें. केंद्र सरकारनें राजपत्रांत जाहीर केलेल्या प्रदर्शनासारख्या कांहीं ठिकाणीं बारा महिन्यांची सवलत आहे. परंतु त्या सवलतींच्या भरंवशावर राहणें म्हणजे पावसाळ्यांत छत्री घरीं ठेवून ढगांवर विश्वास टाकण्यासारखें आहे. अर्ज अगोदर, वाहवा नंतर, हाच क्रम राखावा. सुतारास, लोहारास किंवा भागीदारास दाखविणें भागच असेल, तर ही माहिती गुप्त ठेवीन, असा साधा लेखी करार करून घ्यावा. आणि पहिल्या दिवसापासून एक बांधीव वही ठेवून तींत तारखेसह आकृत्या, मापें, फसलेले प्रयोग, सारें लिहावें. आपल्याकडे हक्क प्रथम अर्ज करणारास मिळतो, हें खरें. तथापि कोणी आपली युक्ति पळविली आणि आपल्या आधीं अर्ज केला, तर त्यास विरोध करतांना ही वहीच साक्षीस उभी राहते.

कागदाचें महत्त्व किती, याचें एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांतील आहे. चंद्रपूर जिल्ह्यांतील नांदेड या लहानशा खेड्यांत दादाजी खोब्रागडे नांवाचे अल्पशिक्षित, अल्पभूधारक शेतकरी होते. १९८३ च्या सुमारास आपल्या धानांत कांहीं लोंब्या वेगळ्या दिसतात, हें त्यांच्या नजरेनें हेरलें. तें बी वेगळें काढून, वर्षानुवर्षें निवडून, त्यांनीं एक बारीक दाण्याचें वाण सिद्ध केलें. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्यास 'एचएमटी' असें नांव पडलें आणि तें वाण गांवोगांव, राज्याराज्यांत पसरलें. १९९४ सालीं त्यांच्याकडून बियाणें कृषि विद्यापीठाच्या संशोधन केंद्रानें नेलें आणि १९९८ सालीं तें शुद्ध करून 'पीकेव्ही-एचएमटी' या नांवानें प्रसृत केलें. खोब्रागडे यांना २००५ सालीं राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा सन्मान मिळाला, नांव झालें, परंतु द्रव्याचा लाभ असा कांहीं झाला नाहीं. ३ जून २०१८ रोजीं ते निवर्तले, तेव्हांहि त्यांच्या घरची ओढगस्त संपली नव्हती. वनस्पतींस आपल्या कायद्यानें पेटंट मिळत नाहीं, आणि शेतकऱ्यास आपल्या वाणाची नोंदणी करतां येईल असा कायदा २००१ सालीं झाला, म्हणजे बी हातांतून गेल्यावर सात वर्षांनीं. कायदाच नव्हता, तेथें त्यांचा काय इलाज? परंतु आज कायदा आहे. म्हणून आज नमुना बिनकागदानें हातांतून जाऊं देणारास ती सबब उरलेली नाहीं.

आतां अर्जाची रीत सांगतों. मुंबईचें पेटंट कार्यालय अँटॉप हिल येथें बौद्धिक संपदा भवनांत आहे. महाराष्ट्रांतील शोधकांचे अर्ज तेथेंच जातात. हल्लीं अर्ज घरूनहि संगणकावर भरतां येतो. शोध अजून पुरता बसला नसेल, तर प्रथम 'तात्पुरतें विवरण' दाखल करावें. त्यायोगें आपली तारीख नोंदली जाते, आणि पुढील बारा महिन्यांत सुधारणा करून 'पूर्ण विवरण' द्यावयाचें असतें. एवढी मुदत उलटली तर अर्ज सोडून दिल्यासारखा समजला जातो. हे बारा महिने फार मोलाचे. या अवधींत वस्तु गिऱ्हाइकास दाखवितां येते, दोष काढतां येतात, आणि मुख्य म्हणजे ती विकत घेणारा कोणी आहे कीं नाहीं, याचा अदमास घेतां येतो.

पूर्ण विवरणाचा प्राण म्हणजे शेवटीं लिहिलेले 'दावे'. जमिनीच्या खरेदीखतांत पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक अशी चतुःसीमा लिहितात ना, तसेच हे दावे असतात. विवरण कितीहि सुंदर असलें, तरी हक्क दाव्यांच्या चतुःसीमेपुरताच. माझ्या विद्यार्थ्यानें पहिल्या खर्ड्यांत लिहिलें होतें: "दोन पितळी खिटी व एक पोलादी स्प्रिंग असलेला चिमटा". मीं त्यास विचारलें, "अरे, उद्यां कोणी पितळेऐवजीं लोखंड घातलें आणि स्प्रिंगच्या जागीं रबर लावलें तर?" तो हंसला आणि खर्डा फाडून टाकला. सीमा फार आंखूड घातली तर शेजारी बाजूनें वाट काढतो. फार लांब घातली तर ती दुसऱ्याच्या जमिनींत शिरते आणि सगळाच दावा कोसळतो. म्हणून इतर कोठें काटकसर करावी. दावे मात्र जाणत्या पेटंट-अभिकर्त्याकडून तपासून घ्यावे.

खर्चाचा बाऊ पुष्कळजण करतात. व्यक्तीनें संगणकावरून केलेल्या साध्या अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे आणि परीक्षणाच्या विनंतीची ४,००० रुपये. अभिकर्त्याची फी अर्थातच निराळी, आणि ती याहून पुष्कळ अधिक असूं शकते. अर्ज साधारणतः १८ महिन्यांनीं प्रसिद्ध होतो. परीक्षणाची विनंती मात्र आपण होऊन करावी लागते; २०२४ च्या नव्या नियमांप्रमाणें त्यास ३१ महिन्यांची मुदत आहे. ती केली नाहीं तर अर्ज मागें घेतला असें समजतात. परीक्षक हरकती काढतो, त्यांस उत्तर द्यावें लागतें. पेटंट मिळाल्यावर तिसऱ्या वर्षापासून तें चालू ठेवण्याची वार्षिक फी भरावी लागते. ती न भरल्यास हक्क लोप पावतो. तसेंच आपलें पेटंट आपल्या देशापुरतेंच असतें, हेंहि ध्यानांत ठेवावें. परदेशांत हक्क हवा असेल, तर पहिल्या अर्जापासून बारा महिन्यांत हालचाल करावी लागते, आणि तो खर्च मात्र एकट्या माणसाचें कंबरडें मोडणारा असतो.

येथपर्यंतची वाट परिश्रमाची असली तरी सरळ आहे. खरी अडचण पुढें आहे, आणि तिची कल्पना बहुतेकांस नसते. आमच्या भाईंदरनें मिठागरें पिढ्यान्‌पिढ्या पाहिलीं आहेत. बांध नसेल तर भरतीचें पाणी सारें धुऊन नेतें, हें खरें. पण नुसता बांध घालून कोणी मीठ पिकवीत नाहीं. पाणी आंत घ्यावें लागतें, उन्हांत आटवावें लागतें, मीठ ओढून काढावें लागतें आणि पहिल्या पावसाच्या आंत हलवावेंहि लागतें. पेटंट हा बांध आहे. त्याच्या आंत पिकवावयाचें काम शोधकास स्वतःच करावें लागतें.

हें सत्य ज्यांच्या आयुष्यांत स्पष्ट दिसतें, असे एक थोर महाराष्ट्रीय शोधक होऊन गेले: डॉ. शंकर आबाजी भिसे. २९ एप्रिल १८६७ रोजीं मुंबईंत त्यांचा जन्म झाला. यंत्रविद्येचें शिक्षण त्यांना शाळा-कॉलेजांत मिळालें नाहीं. अमेरिकेंतून येणारें 'सायंटिफिक अमेरिकन' हें नियतकालिक वाचून ते यंत्रें शिकले. १८९७ च्या सुमारास लंडनच्या एका नियतकालिकानें किराणा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्रासाठीं स्पर्धा जाहीर केली; मुंबईंत बसून भिशांनीं आराखडा धाडला आणि बक्षीस पटकाविलें. त्या यशाच्या बळावर ते विलायतेस गेले. तेथें खुद्द दादाभाई नौरोजींनीं त्यांच्या पाठीशीं पैसा उभा केला. भिशांनीं नाना वस्तु काढल्या. दुकानांत लावण्याचा विजेचा जाहिरात-फलक काढला, तो लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें झळकला आणि दुकानदारांनीं घेतलाहि. परंतु त्यांचें सारें चित्त छापखान्याचे खिळे ओतण्याच्या यंत्रावर होतें. मिनिटाला १,२०० च्या आसपास खिळे ओतणारें यंत्र त्यांनीं सिद्ध केलें, अशी नोंद आहे. हेंच 'भिसोटाइप'.

यंत्र झालें, पेटंट झालें, पण भांडवल? हाइंडमन नांवाच्या इंग्रज पुढाऱ्यानें धनिक मिळविण्याची खटपट केली, ती फळास आली नाहीं. १९०७ च्या अखेरीस दादाभाईंचें साह्य थांबलें. निराश होऊन भिसे १९०८ सालीं मायदेशीं निघाले, तों बोटीवर त्यांची गांठ नामदार गोखल्यांशीं पडली. गोखल्यांनीं सर रतन टाटांशीं त्यांचा संबंध जुळवून दिला आणि १९१० सालीं 'टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट' निघालें. १९१५ सालीं, ऐन महायुद्धांत, तेंहि संपुष्टांत आलें. पुढें भिसे अमेरिकेस गेले. तेथें त्यांनीं पुन्हां नव्यानें कंपनी उभी केली, आयोडिनचें एक औषध काढलें, आणि ७ एप्रिल १९३५ रोजीं न्यूयॉर्क येथें देह ठेवला. सुमारे २०० शोध आणि सुमारे ४० पेटंटें त्यांच्या नांवावर सांगितलीं जातात. तरीहि आज कोणत्या छापखान्यांत 'भिसोटाइप'चें नांव कानीं येतें?

बुद्धीची उणीव नव्हती, पेटंटांची नव्हती, थोरांच्या आशीर्वादाचीहि नव्हती. मग उणें काय होतें? माझ्या अल्पमतीस तीन गोष्टी दिसतात. पहिली, मुदत. त्या काळीं इंग्लंडांत पेटंटाचें आयुष्य १४ वर्षें होतें. भांडवल शोधण्यांत जें वर्ष जाई, तें या आयुष्यांतूनच वजा होई. दुसरी, एकाच धनिकावर भार. दादाभाई गेले कीं काम थांबलें. टाटांचें सिंडिकेट मिटलें कीं पुन्हां श्रीगणेशा. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. १८८६ पासून 'लायनोटाइप' यंत्रें वर्तमानपत्रांच्या छापखान्यांत शिरलीं होतीं. ज्या मालकानें त्यांत रकमा गुंतविल्या, कामगार शिकविले, तो अधिक चांगलें यंत्र निघालें म्हणून जुनें मोडींत काढीत नाहीं. उलट तो साधा जाहिरात-फलक मात्र खपला, कारण दुकानदारास तो परवडत होता आणि दुसऱ्या दिवशीं लावतां येत होता. शोधाची थोरवी आणि त्याची विक्री यांचें गणित वेगळें असतें, तें असें.

तेव्हां हातांत अर्जाची पावती आली, कीं शोधकापुढें तीन मार्ग असतात. पहिला, स्वतः वस्तु करून विकणें. यांत नफा सर्वांत अधिक आणि धोकाहि सर्वांत अधिक. समजा, चिमटा करण्यास ४०० रुपये लागतात आणि तो ८०० रुपयांस विकला जातो. शंभर चिमटे करावयाचे, तर ४०,००० रुपये प्रथम अडकले. विकणाराचें कमिशन, उधारी आणि पडून राहिलेला माल निराळाच. दुसरा मार्ग, कारखानदारास परवाना देऊन प्रत्येक नगामागें स्वामित्वधन घेणें. शेंकडा ५ प्रमाणें ८०० रुपयांवर ४० रुपये मिळतील. हजार चिमटे खपले तर शोधकाचा एक पैसाहि न गुंततां ४०,००० रुपये हातीं येतील. तिसरा मार्ग, हक्क कायमचा विकून टाकणें. रक्कम एकदांच मिळते आणि पुढें शोध लाखांनीं खपला तरी बोलावयास जागा राहत नाहीं. हक्काचें हस्तांतर लेखीच असावें लागतें आणि त्याची नोंद पेटंट कार्यालयांत करावी लागते.

परवाना देतांना एक अट विसरूं नये: वर्षाकांठीं किमान इतकें स्वामित्वधन दिलेंच पाहिजे, नाहींतर परवाना संपला. ही अट नसेल, तर धूर्त कारखानदार परवाना घेऊन तो कपाटांत ठेवतो, म्हणजे त्याच्या जुन्या मालास प्रतिस्पर्धी उरत नाहीं. परवाना किती वर्षांचा, कोणत्या प्रदेशापुरता, वार्षिक फी कोणी भरावयाची, नक्कल करणाराविरुद्ध कोर्टांत कोणी जावयाचें, तेंहि लिहून घ्यावें. कोर्टाची पायरी पेटंट मिळाल्यावरच चढतां येते आणि ती स्वस्त नाहीं. म्हणून एकट्या माणसानें आणखी दोन आधार जोडावे: वस्तूच्या आकारास स्वतंत्र रूप असेल तर डिझाइनची नोंदणी, जी प्रथम दहा व नंतर आणखी पांच वर्षें टिकते, आणि वस्तूच्या नांवासाठीं व्यापारचिन्ह, जें दर दहा वर्षांनीं नवें करीत गेल्यास कायम राहूं शकतें. पेटंट एक दिवस संपतें; लोकांच्या तोंडीं बसलेलें नांव संपत नाहीं.

एक सावधगिरीची सूचना. "तुमचा शोध अद्वितीय आहे, आम्ही तो जगभर विकून देतों, प्रथम इतकी रक्कम भरा," असें सांगणारे मध्यस्थ सर्व देशांत आहेत. जो प्रत्येक शोधास अद्वितीय म्हणतो आणि आपली कमाई विक्रीवर न ठेवतां शोधकाच्या खिशावर ठेवतो, त्यास दुरूनच नमस्कार करावा. ज्यास खरोखर ऐपत नाहीं, त्यानें गांधीनगरच्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाकडे विचारावें; सामान्य लोकांच्या शोधांस पेटंट मिळवून देण्याचें काम ही सरकारी साह्यानें चालणारी संस्था करीत असते.

आतां त्या विद्यार्थ्याचें काय झालें, तें सांगून आटोपतें घेतों. पहिल्याच दिवशीं मीं त्यास विचारलें होतें, "हा चिमटा तूं कारखान्यांत, मालकाच्या सामानानें तर केला नाहींस ना? नोकरीच्या कागदावर शोधाविषयीं कांहीं लिहून दिलें आहेस?" कारण नोकरींत लागलेला शोध कोणाचा, हें बहुधा त्या करारावर अवलंबून असतें. तसें कांहीं नव्हतें. मग त्यानें तात्पुरतें विवरण दाखल केलें आणि पावती मिळाल्यानंतरच चिमटा पिशवीबाहेर काढला. पहिल्या दोन कारखानदारांनीं नाक मुरडलें. "कामगार यानें मंद चालेल," असें त्यांचें म्हणणें. त्याची फार निराशा झाली. मीं म्हटलें, "बाळ, ते गिऱ्हाईक आहेत, त्यांची तक्रार म्हणजे तुझी पुढची परीक्षा." त्यानें मूठ हलकी केली, उघडमीट सोपी केली आणि ती सुधारणा बाराव्या महिन्याच्या आंत पूर्ण विवरणांत घातली. तिसऱ्या कारखानदारानें सहा चिमटे वापरून पाहण्यास घेतले, आणि आतां किमान स्वामित्वधनाच्या अटीसह परवान्याचा खर्डा त्या दोघांमध्यें फिरतो आहे. परीक्षण व्हावयाचें आहे. पेटंट मिळेल कीं नाहीं, आजच कोणी सांगूं शकणार नाहीं.

परंतु परवां तो आला, तेव्हां पैशाचें बोललाच नाहीं. म्हणाला, "गुरुजी, गेल्या आठवड्यांत एकाचें पातेलें चाकांत अडकलें. चिमटा सुटला, पातेलें जाळींत गेलें. तो पोरगा बराच वेळ आपल्या हाताकडेच बघत बसला होता."

श्रोते हो, आपल्या घरांतहि एखादा मुलगा, एखादी सून, एखादा म्हातारा असें कांहींतरी जोडीत बसला असेल. त्यास हंसूं नका. त्याच्या हातीं एक बांधीव वही द्या, आणि अर्जाची पावती हातीं येईपर्यंत शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्यांतलें कांहीं सांगूं नका.